वरून सोडलेलं पाणी

वहिनीसाहेबांनी पिशवीतून चांदीचं फुलपात्र काढलं. मी हात पुढं केला. त्यांनी ते माझ्या हाताला वळसा घालून टेबलावर ठेवलं. मग मी ते टेबलावरून उचललं.

एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. माझा हात मात्र हवेत तसाच राहिला. एसटीला हात करावा आणि एसटी न थांबता निघून जावी, तसा.

"मावशी," त्या म्हणाल्या, आवाज अगदी गोड, "अंघोळ, डायपर, कपडे, ते खालचं सगळं तुम्ही बघा. जेवण शालन भरवेल. ती नसेल तेव्हा पाणी द्यायचं झालं, तर भांडं आक्कासाहेबांच्या तोंडाला लावायचं नाही. वरून सोडायचं. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

त्याच्या आधी पाच मिनिटं चौकशी झाली होती. गाव कुठलं? म्हटलं, हातकणंगल्याच्या अलीकडं. गावात कुठं? म्हटलं, विहाराजवळ. त्यावर त्या फक्त "हं" म्हणाल्या. हा "हं" मी ओळखते. भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालकाच्या तोंडून हाच येतो, आणि पाठोपाठ खोली कालच गेलेली असते.

आता मी काय उत्तर दिलं ते सांगते, कारण लाज तिथंच आहे. मी म्हणाले, "व्हय जी."

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं. लग्नात, बारशात, लाईट गेली की पोरं म्हणतात, आत्ती, सांग की काहीतरी. आणि मी सांगते त्या सगळ्या गोष्टींत भित्री बाई मीच असते. लिफ्टमध्ये शिरताना मी लेकीचा दंड धरते. कुत्रं दिसलं की रस्ता बदलते, ते झोपलेलं असलं तरी. ही गोष्ट मात्र मी पोरांना सांगितली नव्हती. हिच्यातल्या भित्र्या बाईवर हसू येत नाही.

आमचे मालक, लेकीचे वडील, कामाला होते ती सूतगिरणी बंद पडली तेव्हा मी पंचेचाळीस ओलांडली होती. शहरात तीन महिन्यांचा वर्ग होता, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची काळजी कशी घ्यायची त्याचा. शिकवायला एक रिटायर झालेल्या सिस्टरबाई. सरावाला एक प्लॅस्टिकची म्हातारी, खऱ्या माणसाएवढी. पहिल्या दिवशी मी तिला घाबरून "बसा आज्जी" म्हणाले आणि उठवायला गेले तर तिचा हात निखळून माझ्या हातात आला. मी किंचाळले. सगळा वर्ग हसला. सिस्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघितलंस? हाताला धरून उठवायचं नसतंय. खऱ्या म्हातारीचा खांदा असाच जातोय."

त्यांनी मला दोन गोष्टी अशा शिकवल्या की झोपेत विचारलं तरी सांगीन.

पहिली उचलायची. माणसाला पलंगावर वर सरकवायचं तर अंगाखाली घडीची चादर, दोन बाजूंना दोघी. एकीनं विचारायचं, "धरलं?" दुसरीनं म्हणायचं, "धरलं." ते ऐकल्याशिवाय आपली पकड सोडायची नाही. मग समोर कोण का असेना.

दुसरी पाण्याची. "भाकरी अडकली तर दिसतीय," त्या म्हणायच्या. "पाणी दिसत न्हाई. ते गप छातीत उतरतंय आणि चार दिवसांनी ताप काढतंय. प्यारालिसिसच्या पेशंटला पाणी म्हणजे सगळ्यात अवघड घास." म्हणून आधी ताठ बसवायचं. हनुवटी छातीकडं झुकवायची. पाण्यात पावडर घालून ते पेजेसारखं दाट करायचं. चमचा अर्धाच. गळ्याकडं बघत राहायचं, घाटी वर जाऊन खाली आली की मग दुसरा चमचा. मधे मधे त्यांना बोलायला लावायचं. आवाज गुरगुरला, हुक्क्यासारखा ओला आला, की थांबायचं.

आता वरून सोडायचं म्हणजे काय ते बघा. वरून सोडायचं तर माणसाची मान मागं टाकावी लागते आणि तोंड उघडं धरावं लागतं. मान मागं गेली की श्वासाची वाट सताड उघडी. जे जे करू नका म्हणून मला शिकवलं होतं, ते सगळं त्या एका पद्धतीत बसत होतं.

आणि मी म्हणाले, व्हय जी.

आमचं सेंटर पन्हाळ्याच्या रस्त्याला, एका बंगल्यात. बारा म्हातारी माणसं. चालवणाऱ्या मॅडम स्वतः नर्सिंग केलेल्या. आक्कासाहेब ऐंशीच्या, मोठ्या घरातल्या, राधानगरीकडं शेती आणि शहरात बंगला. वहिनीसाहेब त्यांच्या सूनबाई. उजवं अंग गेलेलं. बोलणंही गेलेलं, दोन शब्द सोडून. "नको" आणि "लांब." आयुष्यभर जे जास्त वापरलं तेच जिभेवर उरलं असेल. मला "लांब" म्हणायच्या. पण डॉक्टरांनाही म्हणायच्या, खिडकीतल्या कबुतरालाही म्हणायच्या. त्यामुळं मला नक्की कुठल्या हिशेबानं म्हणतात ते कळायचं नाही. मी कबुतराच्या रांगेत स्वतःला धरलं होतं.

त्यांचं सगळं मी करायचे. पुसायचे, कूस बदलायचे, दर दोन तासांनी. मांड्यांच्या घड्या कोरड्या करायचे, टाचांखाली उशी द्यायचे. माझा हात त्यांच्या सगळ्या अंगावरून फिरायचा. ओठांपाशी आला की परका व्हायचा.

शालन माझ्याबरोबरची, वयानं लहान. तिचं आडनाव चालणारं होतं. ती म्हणायची, "मावशी, मला पण लाज वाटती ओ. तुमी पास झालेल्या, मी न्हाई. आन् भरवायचं मी."

"मग सांग की त्यास्नी."

"तुमी सांगा. तुमी मोठ्या हाय."

मग दोघीही कामाला लागायचो. भित्र्या माणसांना सोबत मिळाली की भीती कमी होत नाही, दुप्पट होते.

शालन नसेल तेव्हा मी पाणी सोडायचे. बारीक धार. आक्कासाहेबांचा एक डोळा माझ्याकडं लागलेला असायचा. धार तोंडात गेली की गळा धडपडायचा. पाण्यानंतर त्यांचं "नको" ओलं यायचं. गुरगुरतं. मला कळत होतं. एकदा संध्याकाळी अंग कोमट लागलं. मी मॅडमकडं गेले. दारातच माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण सांगितलं. म्हटलं, मॅडम, पाणी छातीत उतरतंय.

"मावशी, मला कळत न्हाई व्हय?" मॅडम म्हणाल्या. "थोडं थोडं सोडा की. मोठं घर हाय. कशाला वाढवताय?"

मी परत येऊन थोडं थोडं सोडलं.

एक जुनी गोष्ट मधेच सांगावी लागेल. मी नऊ वर्षांची होते. आईबरोबर भुईमुगाच्या शेंगा तोडायला दुसऱ्याच्या रानात गेलते. दुपारी तहान लागली. मालकीणबाईंनी तांब्या वर धरला आणि मी खाली ओंजळ लावली. त्या ओतत होत्या आणि मागं बघून कुणाशी तरी बोलत होत्या. धार वाढली. ओंजळीतून तोंडात, तोंडातून नाकात. मला श्वास घेता येईना. "हळू ओता" म्हणायला तोंड मोकळं हवं ना. मी खोकत खाली बसले आणि बांधावरच्या बाया हसल्या. आईनं पाठीवर हात ठेवला. कानात म्हणाली, "गप. खोकू नगंस. त्यास्नी वाटंल मुद्दाम करतीस."

खोकायची पण चोरी.

ओंजळीखालच्या माणसाला किती प्यायचं, कधी थांबायचं, श्वास कधी घ्यायचा, हे वरचा हात ठरवतो. ते मला तेव्हापासून माहीत होतं. आणि तरी चाळीस वर्षांनी, फुलपात्र उंच धरून, मी एका मुक्या बाईच्या तोंडात वरून पाणी सोडत होते.

रविवार होता. दुपारी साडेतीनची वेळ. शालन माहेरी गेलती. वहिनीसाहेब दोन पाहुण्या बायकांना घेऊन आल्या होत्या. खोलीत अत्तराचा वास, खुर्च्या ओढल्याचे आवाज. एक पाहुणी म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय हो." वहिनीसाहेब खूश झाल्या. मला म्हणाल्या, "मावशी, आक्कासाहेबांना पाणी द्या."

त्या बघत होत्या म्हणून मी फुलपात्र नेहमीपेक्षा उंच धरलं. खरं तेच लिहिते. कुठं भांडं ओठाला लागलेलं दिसायला नको म्हणून वीतभर जास्तच उंच.

धार गेली. आक्कासाहेबांचा गळा हलला नाही. खोकला आला नाही. आवाजच आला नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, डावा हात चादरीवर काहीतरी शोधायला लागला. ओठ जांभळट व्हायला लागले.

वहिनीसाहेब उठल्या. म्हणाल्या, "शालन कुठंय? शालनला बोलवा!"

शालन तिच्या माहेरी होती. आणि मी पलंगाला चिकटून उभी होते. माझे दोन्ही हात मोकळे होते. काय करायचं ते मला येत होतं, परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि मी थांबले. हात लावू का, याची परवानगी मिळते का बघत थांबले. किती वेळ? दोन श्वास असतील. पण ते माझे श्वास होते, त्यांचे नव्हते.

मला माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली विचाराल, तर त्या दोन श्वासांची. आक्कासाहेब मरतील म्हणून नव्हे फक्त. एक माणूस माझ्यासमोर गुदमरतंय आणि मी त्याला शिवायचं का नाही याचा विचार करतेय, हे बघून. ही पद्धत त्यांच्या घरची नव्हती राहिली. ती माझ्या हातात उतरली होती.

मग मी चढलेच. गुडघा पलंगावर ठेवला, त्यांना उठवून पुढं वाकवलं, छातीखाली माझा डावा हात घातला, आणि उजव्या तळव्यानं दोन खांद्यांच्या मधे मारलं. एक. दोन. कुणीतरी "अहो, मारतात काय!" म्हणालं. तीन. चार. चौथ्याला माझ्या हातावर पाणी आणि चिकटा आला, आणि मागून खोकला. असा खोकला मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या कानात ओरडले, "खोका! खोका आक्कासाहेब! लाजू नका, खोका!"

मॅडम धावत आल्या, ऑक्सिजन लावला, गाडी आली.

छातीत जंतू झाले. नऊ दिवस दवाखाना. ते नऊ दिवस मी भाकरी थापताना पण फोन कमरेला लावून होते. त्या गेल्या तर खून माझ्या हातानं झालेला असणार. सांगितलं कुणी हे कोण विचारतंय? पाणी सोडणारा हात दिसतो. सांगणारं तोंड दिसत नाही.

चौथ्या दिवशी मॅडमनी ऑफिसात बोलावलं. कागद तयार होता. "'पाणी पाजताना माझ्याकडून हयगय झाली,' एवढंच हाय. सही करा. फाईलला लागतंय. तुम्हाला कोण काय करतंय?"

मी म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायलाय."

चष्मा माझ्या गळ्यात दोरीला लोंबत होता. मॅडमनी तो बघितला. मी पण बघितला. मग मी नमस्कार करून बाहेर पडले आणि पायऱ्यांवर बसले. याला कुणी बंड म्हणणार नाही. पण सही झाली नव्हती.

आक्कासाहेब परत आल्या. निम्म्या झालेल्या. दवाखान्याच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं: ताठ बसवून, दाट करून, चमच्यानं. वहिनीसाहेबांनी पिशवीतून फुलपात्र काढलं. मी हात पुढं केला नाही. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. मी उचललं नाही.

"मावशी, या वेळी जरा जपून सोडा," त्या म्हणाल्या.

मी पलंगाचा कठडा धरला. शालन दारात, मॅडम तिच्या मागं.

"मी वरून सोडणार न्हाई," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"चमच्यानं पाजणार. हनुवटीला हात लावून. माझ्या हातानं. कागदावर तसंच लिवलंय."

"कामावर राहायचंय ना तुम्हाला?"

"ऱ्हायचंय. म्हणून तर सांगतेय."

कोणी काही बोलायच्या आत मी आक्कासाहेबांना बसवलं. पाठीला उशा दिल्या, पाण्यात पावडर ढवळली, चमचा अर्धा भरला, डाव्या हातानं हनुवटी धरली. आता माझ्या मनात काय होतं तेही सांगते. वाटलं होतं, ही बाई पाणी पिईल. माझ्या हातानं पिईल, सगळ्यांसमोर. चार धपके घालून मी हिचा जीव परत आणला होता.

आक्कासाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "लांब."

वहिनीसाहेब हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल पडला. "बघितलंत? त्यांनाच नकोय."

कबुतराची रांग आठवली. या वेळी मी स्वतःला फसवलं नाही. त्या मलाच म्हणाल्या होत्या, असं धरून चालले. असू दे.

मी चमचा खाली ठेवला. "नको म्हणायचा त्यांचा हक्क हाय," मी म्हणाले. "जबरदस्ती मला शिकवलेली न्हाई. पण वरून ओत म्हणायचा हक्क कुणाचाच न्हाई. शालन, इकडं ये. हात धू आधी. हितं बस. हनुवटी धर. अर्धाच चमचा. घाई करू नगंस, गळ्याकडं बघ."

आक्कासाहेबांनी गिळलं. घाटी वर गेली, खाली आली. दुसरा. तिसरा.

"आता बोलायला लाव," मी म्हणाले.

"आक्कासाहेब, आवडलं का पाणी?"

"लांब," आक्कासाहेब शालनला म्हणाल्या. कोरडा, स्वच्छ आवाज. गुरगुर अजिबात नाही. "लांब" ऐकून जीव भांड्यात पडलेली बाई मीच पहिली असेन.

वहिनीसाहेब मॅडमकडं वळल्या. "उद्यापासून या खोलीत ह्या बाई नकोत."

मॅडम माझी बाजू घेतील असं मला वाटलं नव्हतंच. मी म्हणाले, "मॅडम, तो कागद मी लिवून देते. झालं तसं लिवते. वरून सोडायला सांगितलं, धोक्याचं हाय हे मी तुम्हाला सांगितलं, तरी मी सोडलं. माझी चूक तेवढीच हाय, ती मी घेते. तुमची तुम्ही घ्या."

वहिनीसाहेबांनी पर्स उचलली. तेव्हा मी टेबलावरचं फुलपात्र घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"ठेवा तिथं टेबलावर. ड्रायव्हर नेईल."

"न्हाई. हातात घ्या."

मी हात मागं घेतला नाही. आक्कासाहेबांचा एक डोळा आमच्याकडं लागलेला. शेवटी वहिनीसाहेबांनी दोन बोटांनी काठ पकडला. मी सोडलं नाही.

"नीट धरा. पडंल."

त्यांनी सगळा पंजा लावला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती.

"धरलं म्हणा," मी म्हणाले.

"काय?"

"आमच्या कामात तशी पद्धत हाय. समोरच्यानं धरलं म्हटल्याबिगर आमी सोडत न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पहिल्यांदाच खाली बघितलं नाही.

"धरलं," त्या म्हणाल्या.

मी सोडलं.

भीती गेलेली नाही. उद्या कामावर घेतात की दारातून परत पाठवतात, ते हे लिहिताना मला माहीत नाही. लिफ्टमध्ये लेकीचा दंड मी अजून धरते. पण ह्या हातानं कुणाच्याही तोंडात वरून पाणी सोडणार नाही, समोर कोण का उभं असेना. आणि माझ्या हाताला वळसा घालून कुणी काही टेबलावर ठेवलं, तर ते मी उचलणार नाही. ते तिथंच राहील.